महाने येहुदाच्या बाजारात पहिल्यांदा: कोशर मांसाहार आणि टॅपची बिअर, पायरी-पायरीने

जेरुसलेममध्ये नव्याने आलेला मराठी माणूस, मग तो शिकायला आलेला असो, कामाला असो किंवा आठ दिवसांच्या सहलीवर असो, पहिल्या आठवड्यातच महाने येहुदाच्या बाजारात पोचतो. कोळशावर भाजणाऱ्या मांसाच्या वासाने एखाद्या पबमध्ये शिरतो आणि तिथे अडकतो. बर्गरवर चीज मिळत नाही. जेवणानंतरच्या कॉफीत दूध मिळत नाही. काळी, गोडसर ‘मिल्क स्टाउट’ मागितली तर नाही म्हणतात. आणि शुक्रवारी दुपारी तीनला जावं, तर खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या.

यातलं काहीही लहरीने ठरलेलं नसतं. कोशर म्हणजे ज्यू धर्माच्या आहार-नियमांत बसणारं, आणि त्या नियमांत मांस आणि दूध एकत्र चालत नाही. कोशर मांसाहारी जागेत मेन्यू, वेळापत्रक आणि बिअरची यादी या तिन्ही गोष्टी एकाच नियमावलीतून येतात. ती नियमावली थोडी समजली, की त्या बाजारात खाणं-पिणं फार सोपं होतं आणि फार चांगलंही.

सोबत काय ठेवायचं

- पासपोर्ट आणि विमानतळावर मिळणारी निळी प्रवेश-चिठ्ठी. इस्राएल पासपोर्टवर शिक्का मारत नाही, म्हणून ती छोटी चिठ्ठी हाच तुमच्या प्रवेशाचा पुरावा. हरवू नका. दारूसाठी किमान वय १८ आहे, तरुण दिसणाऱ्याला ओळखपत्र मागतात.
- कार्ड आणि थोडे सुटे शेकेल. बिल कार्डवर चालतं, बक्षिशी रोख दिलेली बरी.
- रव-काव हे ट्राम-बसचं कार्ड.
- एक हलकं जाकीट. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आहे. दुपारी घाम आणि रात्री गार वारा, हे उन्हाळ्यातही होतं.
- खाली दिलेले हिब्रू शब्द फोनमध्ये लिहून ठेवा.

## १. आधी वार बघा, मग घड्याळ

बाजार रविवार ते गुरुवार दिवसभर चालतो. संध्याकाळी भाजी-फळांचे गाळे मिटू लागले, की गल्ल्यांतले पब खुर्च्या बाहेर काढतात. सगळ्यात रंगते ती गुरुवारची रात्र, कारण शुक्रवार-शनिवार तिथला आठवडी विसावा. पहिल्यांदा जाणाऱ्याने मात्र गुरुवार टाळावा. बसायला जागा मिळत नाही आणि गोंगाटात प्रश्न विचारता येत नाहीत. रविवार ते मंगळवार, संध्याकाळी सात-साडेसात ही उत्तम वेळ.

शुक्रवारी सकाळी बाजारात शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतच्या धार्मिक विसाव्याच्या, खरेदीची झुंबड असते आणि सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी सगळं आवरतं. जेरुसलेममध्ये शब्बाथच्या मेणबत्त्या सूर्यास्ताआधी ४० मिनिटं लावायची प्रथा आहे, आणि त्याआधी कामगारांना घरी पोचायचं असतं. हिवाळ्यात दुपारी दोनच्या सुमारासच स्वयंपाकघर थंड पडलेलं दिसेल. पुन्हा उघडतं ते शनिवारी रात्री, तारे दिसल्यानंतर आणि वर भट्टी पेटायला लागणारा वेळ धरून. उन्हाळ्यात म्हणजे साडेनऊ-दहा. शब्बाथला ट्राम आणि शहराच्या बसही बंद असतात, तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी घरी कसं जायचं ते दुपारीच ठरवा.

आपल्याकडच्यांना हे अगदी परकं वाटू नये. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंना ‘शनवार तेली’ म्हणत ते याच कारणाने: धंदा तेलाचा, आणि शनिवारी घाणा बंद.

वाराशिवाय सणही बघावे लागतात. पेसाख हा वल्हांडण सण मार्च-एप्रिलमध्ये सात दिवस येतो. त्या दिवसांत गहू, बार्ली, राय, ओट आणि स्पेल्ट यांपासून फुगलेलं किंवा आंबलेलं काहीही चालत नाही. बिअर म्हणजे आंबवलेली बार्ली, त्यामुळे कोशर पबचे नळ तो आठवडाभर बंद असतात. काही जागा मांस विकतात, पण पावाशिवाय. बऱ्याच पूर्ण बंद ठेवतात. क्राफ्ट बिअरसाठी म्हणून येणार असाल तर हा आठवडा सोडूनच तिकीट काढा.

जुलै-ऑगस्टमध्ये ज्यू पंचांगातल्या आव महिन्याचे पहिले नऊ दिवस येतात. जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त झाल्याच्या शोकात अनेक ज्यू त्या काळात मांस आणि वाइन वर्ज्य करतात. बिअर चालते, मांसाच्या जागा मात्र ओस पडतात आणि काही तेव्हाच दुरुस्तीची कामं काढतात. नवव्या दिवशी कडक उपास. बेने इस्राएल कुटुंबांत तो सोडताना वालाचं बिरडं करायची चाल, म्हणून त्याचं मराठी नाव ‘बिरड्याचा रोजा’. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवशी, सगळंच बंद. होलोकॉस्ट स्मृतिदिन आणि सैनिक स्मृतिदिन यांच्या आदल्या संध्याकाळी करमणुकीच्या जागा कायद्याने बंद असतात. पुरीम सण इतर शहरांच्या एक दिवस नंतर जेरुसलेममध्ये साजरा होतो, तेव्हा बाजार वेषांतर केलेल्या माणसांनी भरून वाहतो. ती गर्दी बघायला जा, जेवायला नको.

## २. बाजार ओळखा

तेल अवीवच्या विमानतळावरून गाडी थेट जेरुसलेमच्या यित्झाक नवोन स्थानकात येते. स्थानक जमिनीखाली खूप खोल आहे. सरकते जिने चढून वर यायलाच पाच-सात मिनिटं धरा. तिथून याफो रस्त्याने चालत दहा-पंधरा मिनिटं, नाहीतर ट्रामने एक-दोन थांबे. थांब्याचं नाव महाने येहुदाच आहे. लोक मात्र नुसतं ‘शूक’ म्हणतात, म्हणजे बाजार.

याफो आणि अग्रिपास या दोन रस्त्यांच्या मध्ये बाजार पसरला आहे. एत्स हयीम ही छपराखालची लांब गल्ली आणि महाने येहुदा ही उघडी, रुंद गल्ली. दोन्हींना जोडणाऱ्या बोळांना फळांची आणि सुक्या मेव्याची नावं आहेत: सफरचंद, पीच, बदाम, अक्रोड, तुती. पब बहुतेक या बोळांत आहेत. कुठे भेटायचं ते ठरवताना दुकानाच्या नावाऐवजी बोळाचं नाव सांगा, कारण रात्री शटर उतरल्यावर दिवसाच्या खुणा ओळखू येत नाहीत. पश्चिमेकडच्या कोपऱ्यातल्या इराकी बाजारात दुपारच्या जेवणाच्या जुन्या खाणावळी आहेत. तिथे दुपारी चारनंतर काही मिळेल अशी आशा धरू नका.

## ३. दारातलं प्रमाणपत्र वाचा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर गोंधळतात. कोशर जागेत गल्ल्याजवळ किंवा दारात एक चौकटीतलं प्रमाणपत्र लावलेलं असतं. त्याला ‘तेउदात कशरूत’ म्हणतात आणि ते स्थानिक धर्मपरिषद देते. १९८३ च्या कायद्यानुसार असं प्रमाणपत्र नसताना स्वतःला कोशर म्हणवून घेणं गुन्हा आहे.

त्यावर चार गोष्टी बघा.

नाव आणि पत्ता. त्याच जागेचा हवा. मालकाच्या दुसऱ्या शाखेचं प्रमाणपत्र चालत नाही.

मुदत. ही अनेकदा काही महिन्यांचीच असते. भिंतीवर गेल्या सणापर्यंतचा कागद तसाच राहिलेला असेल, तर तो कागद आज काहीच सांगत नाही.

बसरी की हलवी. बसरी म्हणजे मांसाची जागा, हलवी म्हणजे दुधाची. हिब्रू येत नसेल तर एक खूण लक्षात ठेवा. हिब्रू उजवीकडून वाचतात. ‘कशेर’ या शब्दात तीन अक्षरं: पहिलं डावीकडे तोंड उघडलेल्या अर्धगोलासारखं, मधलं तीन दांड्यांचं त्रिशूळासारखं, शेवटचं आडवी रेघ आणि उजवीकडून खाली येणारा एक दांडा. ‘बसरी’मध्येही दुसरं अक्षर तेच त्रिशूळ. ‘हलवी’मध्ये त्रिशूळ कुठेच नाही, तो शब्द चौकटीसारख्या दिसणाऱ्या, दोन पायांच्या अक्षराने सुरू होतो.

दर्जा. साधा की ‘मेहाद्रिन’, म्हणजे अधिक काटेकोर. काही ठिकाणी सोबत खासगी धर्ममंडळाचं, म्हणजे ‘बदात्स’चं, वेगळं पत्रही असतं. ‘खलाक’ किंवा ‘ग्लाट’ असं लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ जनावराचं फुप्फुस तपासलं आणि ते गुळगुळीत, चिकटे नसलेलं निघालं. तुम्ही स्वतः ज्यू नसाल तर तुमच्या जेवणाला दर्जाने फरक पडत नाही. पण एखाद्या धार्मिक सहकाऱ्याला जेवायला बोलावणार असाल, तर प्रमाणपत्राचा फोटो त्याला आधी पाठवा आणि ‘इथे चालेल का?’ असं सरळ विचारा. कोशर आहे म्हणजे प्रत्येक कोशर पाळणाऱ्याला चालेलच, असं नसतं. असं विचारण्यात संकोच काही नाही, उलट त्याला बरंच वाटतं.

एक सोपा ठोकताळा: जी जागा शनिवारी दुपारी उघडी आहे, तिच्याकडे हे प्रमाणपत्र नसणार. बाजाराच्या आसपास कोशर नसलेल्याही नावाजलेल्या जागा आहेत. केवळ बाजारात आहे म्हणून कोशर धरून चालू नका.

## ४. आत काय न्यायचं नाही

बाहेरचं खाणं आत चालत नाही. आपण बाजारातून चीज, बोरेकास (सारण भरून भाजलेली पेस्ट्री), दही, आइस्क्रीम घेतलेलं असतं आणि टेबलावर पिशवी उघडतो, इथे चूक होते. पाकीटबंद वस्तू पिशवीत राहू द्या, पिशवी खाली ठेवा. हातात आइस्क्रीम असेल तर ते बाहेरच संपवून मग आत या. लहान मुलासाठी दुधाची बाटली लागणार असेल तर आधी विचारा. बहुधा प्रेमाने वाट काढतात, पण त्यांच्या चमच्यात किंवा पेल्यात दूध ओतू नका. एक चमचा दुधात बुडाला, तर तो त्या स्वयंपाकघराच्या कामातून जातो.

तुम्ही आधी बाहेर काय खाल्लंत याची चौकशी कोणी करत नाही. मांसानंतर दुधासाठी सहा तास थांबायचं (काही समाजांत तीन किंवा एक), हा नियम पाळणाऱ्यांचा. पाहुण्यावर तो नाही.

बेसिनजवळ दोन कानांचं एक भांडं दिसेल. पाव खाण्याआधी धार्मिक रीतीने हात धुण्यासाठी ते आहे. तुम्ही साध्या नळाखाली हात धुवा.

## ५. मांस मागवताना

कोशर मांस कसं तयार होतं ते थोडक्यात समजून घ्या, कारण त्याचा चवीवर थेट परिणाम होतो. प्राणी रवंथ करणारा आणि दुभंगलेल्या खुराचा हवा: गाय, मेंढी, बकरी, हरीण. डुक्कर, उंट, ससा नाही. शोहेत, म्हणजे धर्मनियमाने कापणारा खाटीक, धारदार, खाच नसलेल्या सुरीने कापतो. मग मांस अर्धा तास पाण्यात भिजवतात, एक तास जाड मिठात ठेवतात आणि तीनदा धुतात, म्हणजे रक्त निघून जातं. त्यामुळे कोशर मांसात मुळातच थोडं मीठ असतं. चाखल्याशिवाय वरून मीठ घालू नका. स्टेक कापल्यावर निघणारा लालसर रस रक्त नव्हे, स्नायूतलं रंगद्रव्य आहे. कमी भाजलेलं मांस मागण्यात त्यांच्या नियमात काही अडचण नाही.

कलेजीत रक्त इतकं असतं की मीठ पुरत नाही, ती उघड्या आचेवर भाजावीच लागते. म्हणून कोशर कलेजीला नेहमी धुराचा वास असतो, आणि जरा कोरडी वाटली तरी ते बिघडल्याचं लक्षण नाही.

मांसाचे भाग आकड्यांनी ओळखतात. खाटीक आणि वेटर सर्रास आकडे बोलतात, तेव्हा एवढे पाठ असू द्या: १ म्हणजे आंत्रकोत, बरगडीजवळचा चरबीदार स्टेक, ३ छातीचा भाग, ब्रिस्केट, ८ पायाचा स्नायू, मंद आचेवर शिजवायचा, ९ आसादोची बरगडी, ११ सिंता, १२ फिले. शेवटचे दोन मागच्या भागातले. मागच्या भागात मांडीची एक नस आणि काही चरबी वर्ज्य असते, ती काढायला कसबी माणूस लागतो. म्हणून बाहेरच्या अनेक देशांत कोशर दुकानं तो भाग विकतच नाहीत. इस्राएलमध्ये ते काम जाणणारे आहेत, त्यामुळे मिळतो, आणि महाग मिळतो.

स्टेक मागवताना किंमत कशाची आहे ते बघा. काही मेन्यूंवर ती १०० ग्रॅमची असते आणि तुकडा येतो ३०० किंवा ४०० ग्रॅमचा. मागणी देण्याआधी वजन विचारा.

गोमांस न खाणाऱ्यांसाठी. ‘बाकार’ म्हणजे गाईगुरांचं मांस, ‘एगेल’ म्हणजे वासराचं. हॅम्बर्गर असं नुसतं लिहिलं असेल तर ते बाकारच धरा. ‘केवेस’ आणि ‘ताले’ म्हणजे मेंढी-कोकरू, ‘ओफ’ म्हणजे कोंबडी. ‘पर्गित’ म्हणजे कोंबडीच्या मांडीचं हाड काढलेलं मांस. ते निखाऱ्यावर भाजलेलं फार रसाळ लागतं आणि पहिल्या भेटीला तेच मागवावं. ‘होदू’ या शब्दाची गंमत ध्यानात ठेवा: हिब्रूत होदू म्हणजे भारत आणि होदू म्हणजेच टर्की. मेन्यूवर ‘होदू’ दिसलं म्हणून भारतीय पदार्थ समजू नका. शवर्मा बहुधा टर्कीचा असतो, पण वरून मेंढीची चरबी लावलेली असते.

सॉसेजला ‘नक्निकिया’ म्हणतात. खरा सापळा इथे आहे. आतला खिमा कोंबडीचा असला तरी वरचं आवरण मेंढीच्या आतड्याचं किंवा गुरांच्या कोलाजेनचं असू शकतं. ज्यांना गोमांस अजिबात चालत नाही त्यांनी आवरणाबद्दल वेगळं विचारावं, नाहीतर सॉसेज सोडून पर्गित घ्यावं.

शाकाहाऱ्यांसाठी. ‘पारवे’ म्हणजे ज्यात दूधही नाही आणि मांसही नाही. पण अंडं आणि मासे पारवेच धरले जातात. पारवे म्हणजे शाकाहारी, असं समजून अनेक जण फसले आहेत. शिवाय मांसाच्या जागेतले फ्रेंच फ्राइज श्निट्झेलच्याच, म्हणजे पावाचा चुरा लावलेल्या मांसाच्या, तेलात तळलेले असू शकतात. काटेकोर शाकाहारी माणसाला घेऊन जाणार असाल तर त्याचं जेवण आधी बाजारातल्या हुम्मुस-फलाफलच्या गाड्यावर उरका, मग बिअरसाठी पबमध्ये या. जैन मंडळींना तिथे पाण्याखेरीज फारसं काही सुचवता येत नाही.

जेरुसलेमचा स्वतःचा पदार्थ म्हणजे ‘मेओराव येरुशाल्मी’. तो याच बाजाराच्या कडेला, अग्रिपास रस्त्यावर जन्मला. कोंबडीचं काळीज, कलेजी, पाणथरी आणि मेंढीच्या मांसाचे तुकडे कांद्यासोबत तव्यावर परततात. हळद, जिरं, काळी मिरी घालतात आणि पावात भरून देतात. वजडी-कलेजी आवडणाऱ्या मराठी जिभेला तो पहिल्या घासालाच आपला वाटतो. सोबत ‘अंबा’ मागा. कैरी आणि मेथीचं ते पिवळं, आंबट-कडवट लोणचं मुंबईशी व्यापार करणाऱ्या बगदादी ज्यूंनी इराकमध्ये नेलं आणि इराकी ज्यूंनी इथे आणलं. नाव आपला आंबाच आहे. हिरवी ‘स्खुग’ ही मिरची-कोथिंबिरीची चटणी. आपल्या ठेच्याच्या वळणाची.

पांढरं दिसलं म्हणजे दही नव्हे. ते ताहिनी, म्हणजे तिळाची पेस्ट, नाहीतर अंड्याचं मेयोनीज. दूध चालत नसल्यामुळेच या जेवणात तिळाला इतकं मोठं स्थान आहे. बेने इस्राएल घरांत मटणाच्या रश्शाला नारळाचं दूध लावतात, त्यामागेही हाच नियम आहे. बर्गरवर चीज दिसलं तर ते वनस्पतीजन्य असतं. कॉफी काळी मागा किंवा ओट, सोया, नारळाचं दूध आहे का विचारा.

## ६. बिअर निवडताना

पुण्यात २००९ साली डूलालीने भारतातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी (जागेवरच बिअर बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांपैकी) एक सुरू केली, त्यामुळे टॅपवरची ताजी बिअर आपल्याकडच्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. इस्राएलमध्ये ही लाट थोडी आधी आली. तेल अवीवची डान्सिंग कॅमल २००६ ची. अलेक्झांडर, नेगेव, शापिरा, हर्झल, मल्का ही नावं पाटीवर दिसतील. गोल्डस्टार आणि मकाबी मोठ्या कारखान्याच्या. त्या सगळीकडे मिळतात, त्यासाठी या बोळात यायची गरज नाही.

माप दोन: ‘श्लिश’ म्हणजे लिटरचा तिसरा भाग, ३३० मिली, ‘हेत्सी’ म्हणजे अर्धा लिटर. पाटीवर नावाशेजारी टक्केवारी लिहिलेली असते. ती आधी वाचा. ५ टक्क्यांच्या श्लिशमध्ये साधारण १६ मिली शुद्ध अल्कोहोल असतं, ७ टक्क्यांच्या हेत्सीमध्ये ३५ मिली. आपल्याकडच्या ६० मिलीच्या व्हिस्कीच्या पेगमध्ये सुमारे २६ मिली असतं. म्हणजे आयपीएचा (हॉपचा कडवटपणा जास्त असलेल्या बिअरचा) एक मोठा ग्लास लार्ज पेगपेक्षा जड आहे, आणि तो तहान लागलेली असताना पटकन संपतो. पहिली बिअर नेहमी श्लिश घ्या. त्याआधी ‘एफशार लित्ओम?’ (चाखता येईल का?) असं विचारा, दोन घोट देतात. अनेक ठिकाणी चार-पाच छोट्या पेल्यांचा ट्रेही मिळतो.

कोशर नियम बिअरला फारसा त्रास देत नाहीत. माल्ट, हॉप, पाणी, यीस्ट यांत वर्ज्य काही नाही. अडचण येते ती चवी घातलेल्या प्रकारांत. मिल्क स्टाउटमध्ये लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर घालतात, त्यामुळे मांसाच्या जागेत ती नसणारच. तिच्याऐवजी ड्राय स्टाउट किंवा पोर्टर घ्या. द्राक्षाचा रस घातलेली किंवा वाइनच्या पिंपात मुरवलेली बिअर असेल तर त्या वाइनचा प्रश्न येतो. खजूर, डाळिंब, संत्रं घातलेल्या बिअरमध्ये स्थानिक फळांवरचा दशांश काढला का, हे पाहावं लागतं. म्हणून कोशर पबची यादी साध्या पबपेक्षा आखूड आणि सरळ असते: लागर, गव्हाची, पेल एल, आयपीए, अँबर, स्टाउट. मांसाबरोबर प्यायला याहून जास्त लागतही नाही.

जोड्या सांगायच्या तर: मेओराव आणि स्खुगबरोबर गव्हाची फिकी बिअर, कारण आयपीएचा कडवटपणा मिरचीची आग वाढवतो. आसादोच्या चरबीला स्टाउट. पर्गितला पेल एल. आंत्रकोतला अँबर, त्यातली भाजल्या माल्टची गोडी मांसाच्या जळक्या कडेला जुळते.

ग्लासच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटलेले दिसले तर ग्लास नीट धुतलेला नाही, बदलून मागा. बिअरला लोण्यासारखा वास किंवा नको तिथे आंबटपणा आला तर नळाची नळी साफ नाही. तसं शांतपणे सांगा, चांगल्या जागेत लगेच दुसरी देतात. फेस मात्र दोन घासांनंतर बसला म्हणून तक्रार करू नका. ओठांवरची चरबी फेस मोडते, मांसाबरोबर बिअर प्यायली की हे होतंच.

धार्मिक ज्यू मित्र सोबत असेल तर एक शिष्टाचार जपा. वाइनची उघडी बाटली त्याला ओतून देऊ नका. ज्यू नसलेल्याने हाताळलेली वाइन अनेकांना चालत नाही. बिअरला हा नियम नाही. ती खुशाल ओता. त्याच्या घरी भेट न्यायची असेल तरीही, वाइनपेक्षा साध्या बिअरच्या सीलबंद बाटल्या सुरक्षित.

## ७. कामी येणारे शब्द

- ‘बली बाकार’: गोमांस नको.
- ‘झे ओफ?’: ही कोंबडी आहे का?
- ‘बली खारीफ’: तिखट नको. ‘खारीफ’ म्हणजे तिखट.
- ‘मे बेरेझ’: नळाचं पाणी. फुकट मिळतं, ‘मायिम’ एवढंच म्हणालात तर विकतची बाटली येऊ शकते.
- ‘हेश्बोन’: बिल.
- ‘तोदा’: आभार.

इंग्रजी बहुतेकांना येतं. तरी हे शब्द बोललात की मागणी अचूक पोचते.

## ८. बिल आणि परतीची वाट

मेन्यूवरच्या किमतीत कर धरलेला असतो. वर काही चढत नाही. बक्षिशी वेगळी. टेबलावर वाढणारा माणूस असेल तर १० ते १५ टक्के द्यायची पद्धत आहे, आणि त्याच्या कमाईचा मोठा भाग तोच असतो, तेव्हा त्यात हात आखडता घेऊ नका. काउंटरवरून स्वतः घ्यायचं असेल तर गल्ल्यावरच्या बरणीत सुटे टाकले तरी चालतं.

अर्धा ग्लास हातात घेऊन गल्लीत फिरायला निघू नका. रात्री ९ ते सकाळी ६ सार्वजनिक जागी उघडी दारू दिसली तर पोलीस ती काढून घेऊन ओतून देऊ शकतात. रात्री ११ ते सकाळी ६ दुकानातून बाटली विकत मिळत नाही. पबमध्ये बसून पिण्याला ही वेळ लागू नाही. मुलं, घोळके, गाड्या ओढणारे हमाल या सगळ्यांच्या अरुंद वाटेत तुमची खुर्ची असते, तेव्हा ती भिंतीला टेकवून ठेवा. आसपासच्या वस्तीतल्या धार्मिक लोकांचे, विशेषतः मुलांचे, फोटो न विचारता काढू नका.

फोटो काढायचेच असतील तर शटरांचे काढा. २०१५ पासून सॉलोमन सौझा या तरुण चित्रकाराने बाजारातल्या शटरांवर स्प्रेने मोठमोठे चेहरे रंगवले आहेत. दिवसा गाळे उघडे असतात तेव्हा ते गुंडाळून वर गेलेले असतात. बघायला मिळतात ते रात्री उशिरा, आणि शनिवारी दिवसभर.

निघण्याआधी ट्रामची शेवटची वेळ फोनवर बघून ठेवा. ती चुकली तर टॅक्सी याफो रस्त्यावर नव्हे, अग्रिपासवर शोधा. याफोच्या या भागात ट्रामच धावते.